डॉक्टर म्हणतात डोळे छान आहेत, मग आईला ताटातला भात का दिसत नाही?

शहापूरचा_थोरला

नमस्कार मंडळी. इथं वर्षभर नुसतं वाचतोय, लिहायची ही पहिलीच वेळ, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही बेळगावात शहापूरला राहतो. आई 74 ची. दोन वर्षं झाली, मेंदूच्या डॉक्टरांनी अल्झायमर म्हणून सांगितलं, गोळ्या चालू आहेत. विसरणं, एकच गोष्ट धा वेळा विचारणं ह्याची आता घरात सगळ्यांना सवय झालीय, त्याबद्दल नाही विचारत. पण श्रावणापासून जे चाललंय ते मला विसरण्यातलं वाटेना.

आमच्याकडं सोप्यातून स्वयंपाकघरात जाताना उंबऱ्याच्या जागी काळ्या कडाप्प्याची वीतभर पट्टी बसवलीय, बाकी सगळी फरशी पांढरट. एक दिवस आई तिथं येऊन थांबली, चौकटीला धरून, एक पाय उचललेला, आणि तो पाय पुढं टाकेचना. म्हटलं काय झालं गं, ये की. तर म्हणते, "आड हाय रे पुढं, पोरांना तिकडं सोडू नका." जुन्या घरात परसात आड होता खरा, पण तो बुजवून वीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या पट्टीपाशी एकतर लांब ढांग टाकते, नाहीतर तिथूनच परत फिरते.

दुसरं जेवणाचं. स्टीलच्या ताटात ताक-भात कालवून दिला की ताटाकडं बघत बसते आणि थोड्या वेळानं म्हणते मला वाढलंच नाही. भाकरी हाताला लागली तर तेवढी खाते. वजन पाच किलो कमी झालंय. खुर्चीवर बसताना अर्धी बाहेर बसते, गणपतीत एकदा खालीच आली, नशिबानं हाड मोडलं नाही. आणि कपाटाच्या आरशात बघून "त्या बाईंना चहा विचारला का कुणी" म्हणते.

आईनं तीस वर्षं माग चालवलाय. चालत्या मागावर एक तार तुटला तरी तिला दिसायचा, माग थांबवून, गाठ मारून परत चालू, आम्ही पोरं बघत बसायचो. म्हणून जास्तच लागतं मनाला.

डोळ्यांचं म्हणाल तर दोन्ही मोतीबिंदू गेल्या वर्षी काढलेत, नवा चष्मा दिलाय. मागच्या महिन्यात परत तपासायला नेलं. एका ठिकाणी नुसता कन्नड अक्षरांचा तक्ता होता. आई मराठी शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली, कन्नड फाडफाड बोलते पण वाचता येत नाही, ती गप्पच बसली, तर कागदावर लिहून दिलं की पेशंट सहकार्य करत नाही. दुसरीकडं मशीनवर बघितलं, ते म्हणाले पडदा छान, नंबर बरोबर, काळजी नको.

मग दिसत का नाही? पुण्याचा धाकटा भाऊ फोनवर म्हणतो सगळं दिसतं तिला, आपण जवळ बसावं म्हणून करते. खरं सांगतो, एकदा मलाही तसंच वाटलं आणि त्या पट्टीवरून मी तिला ओढलं, "काही नाही तिथं, चल" म्हणून ओरडलो. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. कुणाच्या घरात असं झालंय का? काय केलंत तुम्ही?

---

निपाणीची_सून

दादा, नाटक नाही हो ते. भावाला हे वाचायला पाठवा.

मामंजींचं सहा वर्षं केलं मी, गेल्या वर्षी गेले ते. आमच्याकडं पण जेवणापासूनच सुरू झालं. ताटापुढं बसायचे आणि हात फिरवत राहायचे, आम्हाला वाटायचं भूक मेली असणार म्हाताऱ्या माणसाची. एकदा संकेश्वरला पाहुण्यांची वास्तुशांत होती, केळीच्या पानावर पंगत. मामंजींनी कुणी भरवता न भरवता भात, आमटी, भाजी, सगळं पान पुसून खाल्लं, वर भात मागून घेतला. आम्ही सगळे खूश, म्हटलं बरं वाटूलालंय त्यांना. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी स्टीलच्या ताटात परत तेच, हात फिरवत बसले. माझ्या डोक्यात उजेड पडायला तीन दिवस लागले बघा. हिरव्या पानावर पांढरा भात दिसतो. चकचकीत ताटात ट्यूबलाईट दिसते, भात दिसत नाही!

मग मी गडद हिरव्या रंगाची काठाची थाळी आणली, नक्षी नसलेली. नक्षीची आणू नका, फुलं असली की ते फुलंच वेचत बसतात, आमचं झालंय तसं. आणि एका वेळी एकच दोन पदार्थ. भाकरी असेल तर आमटी वाटीत, भात नंतर. पाणी स्टीलच्या पेल्यात त्यांना दिसायचंच नाही, रिकामा समजून बाजूला ठेवायचे आणि दिवसभर पाणी नाही, मग लघवीला जळजळ, मग ताप, मग तर कोणालाच ओळखेनात. तांबडा पेला दिल्यावर घटाघटा प्यायला लागले.

न्हाणीघराचं तर विचारू नका. पांढरी फरशी, पांढऱ्या टाईल्स, पांढरं कमोड. त्यांना कमोड सापडायचंच नाही, कोपऱ्यातल्या निळ्या बादलीत लघवी करायचे आणि आमचे हे त्यांच्यावर चिडायचे. बादली तेवढी दिसायची त्यांना, म्हणून तिथं! कमोडला तांबडं सीट बसवलं आणि बादली दाराआड ठेवली, आठवड्यात फरक पडला. दाराबाहेरचं काळं पायपुसणं पण काढून टाका, तो पण त्यांना खड्डाच दिसतो.

तुमच्या त्या काळ्या पट्टीवर कायतरी फरशीच्या रंगाचं चिकटवा आधी. आणि ओरडलात म्हणून मनाला लावून घेऊ नका, मी पण ओरडलेय, सगळ्यांनी ओरडलंय.

---

वडगाव_गल्ली

राग मानू नका पण आड बुजवलेला आणि आईंना तोच दिसतो म्हणजे जुन्या घराचं काहीतरी राहिलं असणार. एकदा जाणत्याला विचारून बघा. आमच्या गल्लीत एकाला गुण आलाय.

---

चिकोडीचा_चष्मेवाला

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा, ऑपरेशन करणारा डॉक्टर नव्हे, हे आधी सांगतो. चौदा वर्षं हेच काम करतोय आणि असे पेशंट महिन्याला दोन-तीन तरी येतात.

दादा, तुम्ही मागावाल्या घरातले आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. डोळा नुसतं सूत आणून देतो, कापड विणतो मेंदू. डोक्याच्या मागच्या आणि वरच्या बाजूच्या भागात ते विणकाम चालतं. आईंचं सूत चांगलं आहे म्हणून डॉक्टर म्हणाले डोळे छान, ते खोटं बोलले नाहीत. पण माग बिघडलाय. त्यामुळं तक्त्यावरचं काळं अक्षर पांढऱ्यावर ओळखता येतं आणि पांढरा भात पांढरट ताटात सापडत नाही. अल्झायमरमध्ये नजरेचं जे बिघडतं त्यात बऱ्याचदा असतं ते एका रंगातून दुसरा मिळताजुळता रंग वेगळा काढणं, आणि खोली कळणं. सपाट काळी पट्टी आहे का खोल आड आहे हे त्यांना खरंच कळत नाही, त्यात जुनी आठवण येऊन बसते आणि पट्टीचा आड होतो. खुर्चीचंही तेच, खुर्ची दिसते पण किती लांब, किती खाली हे कळत नाही. नजरेचा पट्टाही अरुंद होतो, म्हणून बाजूनं येऊन हात लावला की दचकतात. समोरून या, नाव घेऊन बोला, मग हात पुढं करा.

काही लोकांत तर विसरायच्या आधीच नजरेचं बिघडतं, त्याला पोस्टेरिअर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी म्हणतात, 1988 साली बेन्सन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ते नाव दिलं. ते बऱ्याचदा पन्नाशी-साठीत सुरू होतं आणि बिचारे एकामागून एक चष्मे बदलत फिरतात. तुमच्या आईंचं आधी विसरण्यापासून सुरू झालंय म्हणजे बहुतेक नेहमीचंच, पण मेंदूच्या डॉक्टरांना हे सगळं असंच्या असं सांगा, आड, ताट, आरसा, सगळं. बरेच लोक त्यांना फक्त विसरण्याचं सांगतात आणि दिसण्याचं डोळ्याच्या डॉक्टरांना सांगतात, मग दोन्हीकडं अर्धंच पोचतं.

निपाणीच्या ताई बोलल्या ते ताटाचं शंभर टक्के खरं. बॉस्टनला 2004 साली हेच करून बघितलंय, पांढऱ्या ताट-पेल्यांऐवजी गडद तांबडे दिले तर खाणं 25 टक्क्यांनी वाढलं आणि पिणं 84 टक्क्यांनी. पेशंट फक्त नऊच होते आणि आजार पुढं गेलेले होते, म्हणून आकडा आपल्या घरी तसाच येईल असं नाही, पण करून बघायला खर्च काय, दीडशे रुपयांचं ताट.

आता माझ्या कामाचं. आईंच्या नाकावर आत्ता चष्मा कोणता आहे तो उचलून नीट बघा. हसू नका, मी खरंच सांगतोय, दर तिसऱ्या-चौथ्या घरात दुसऱ्याचा नाहीतर जुना चष्मा निघतो. मोतीबिंदू काढल्यावर नंबर पूर्ण बदलतो, जुना घातला की चांगल्या डोळ्यालाही धूसर दिसणार. काचा तेलकट असतात त्या पुसा. दोन भागांचा चष्मा असेल तर चालताना खाली बघितलं की वाचायच्या भागातून फरशी दिसते आणि पायरी हलल्यासारखी वाटते, चालायला साधा लांबचाच द्या. दांडीला तांबडा दोरा गुंडाळून ठेवा म्हणजे घरातल्या सगळ्यांना कळेल कुणाचा आणि आईंनाही सापडेल.

कन्नड तक्त्याचं वाचून वाईट वाटलं. आपल्या भागात हे फार होतं. अक्षर न येणाऱ्यांसाठी चारी दिशांना तोंड केलेल्या ई चा तक्ता असतो, हातानं दिशा दाखवायची, तो मागून घ्या, आणि तेही जमलं नाही तर टॉर्चसारख्या रेटिनोस्कोपनं पेशंटनं एक शब्द न बोलता नंबर काढता येतो. सकाळची वेळ घ्या, खाऊन-पिऊन, आधीच सांगा की डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारखा मेंदूचा आजार आहे, आणि तपासणाऱ्यांना आईंना एका वेळी एकच प्रश्न विचारायला सांगा.

उजेडाचं एक राहिलं. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या पोराच्या एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणजे आपल्याला पुरेसा वाटतो तो त्यांना संधिप्रकाशच. पण नुसता मोठा बल्ब लावून फरशीवर चकाकी आली तर ती ओली वाटते आणि पाय घसरेल म्हणून थांबतात. उजेड भरपूर पण पसरलेला हवा, खिडकीचं थेट ऊन पडद्यानं मऊ करा, आणि रात्री पलंगापासून न्हाणीपर्यंत छोटे दिवे चालू ठेवा.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. "डोकंच राहिलं नाही, आता मोतीबिंदू काढून काय करायचंय" असं मी आठवड्याला ऐकतो. असं करू नका हो. दिसणं आधीच मेंदूनं कमी केलंय, त्यावर डोळ्याचा पडदा कशाला टाकायचा? बहुतेक वेळा नुसता थेंब टाकून किंवा जागा बधिर करून होतं. फक्त नंतर डोळा चोळू नये म्हणून रात्री कुणीतरी जवळ झोपावं लागतं आणि महिनाभर थेंब घालायला एक माणूस लागतो, ते आधी ठरवा. लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं 2024 साली तर उपचार न केलेली कमी नजर हे डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या कारणांतच धरलंय.

---

खानापूरची_काकू

वडगावच्या भाऊ, तुमच्यावर राग नाही. मी स्वतः गेलेय. आमचे हे अंगणात पोरं दिसतात म्हणायला लागले तेव्हा सौंदत्तीला यल्लम्माला ओटी भरून आले, अजून दरवर्षी जाते, माझी श्रद्धा आहे. पण त्या नादात आमचे आठ महिने गेले आणि त्या आठ महिन्यांत ते दोनदा पायरीवरून पडले. आईची ओटी भरा आणि डॉक्टरकडंही जा, एकानं दुसरं अडत नाही.

शहापूरच्या दादा, तुमच्या आईंना आहे ती वस्तू वेगळी दिसते. आमच्या ह्यांना नसलेलं दिसायचं. तीन पोरं, एका पोरीच्या डोक्यावर परडी, पावसात भिजूलालीत त्यांना आत घे म्हणायचे. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, जून ते सप्टेंबर दुपारी पण दिवा लावावा लागतो, त्यात लाईट जाणार, मग तर सगळं घर सावल्यांचं. बेंगळूरला निम्हान्सला, मेंदूच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं तेव्हा कळलं की हे लेवी बॉडी डिमेन्शिया, ह्यात अशी माणसं, पोरं, जनावरं दिसणं बऱ्याचदा सुरुवातीपासूनच असतं. तिथं एक गोष्ट डॉक्टरांनी मला दोनदा वहीत लिहायला लावली ती इथं सगळ्यांसाठी लिहिते. लेवी बॉडी असलेल्याला भास बंद करायला हॅलोपेरिडॉलसारखी गोळी किंवा इंजेक्शन दिलं तर माणूस ताठ होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. म्हणून कुठल्याही दवाखान्यात रात्री-अपरात्री नेलं तर आजाराचं नाव आधी सांगायचं. मी ते कागदावर लिहून त्यांच्या खिशात ठेवते, मराठीत आणि पोरीकडून कन्नडमध्ये.

आणि सगळेच भास डोकं बिघडल्यामुळं नसतात हेही तिथंच कळलं. नजर खूप कमी झाली की डोकं चांगलं असलेल्या माणसालाही चित्रं दिसतात. चार्ल्स बॉनेट नावाच्या माणसानं 1760 साली स्वतःच्या आजोबांचं लिहून ठेवलं होतं, त्यांना मोतीबिंदू होता, त्या आजाराला त्याचंच नाव आहे. त्यात बहुतेकांना कळतं की हे खरं नाही. म्हणून दोन्ही तपासून घ्यायचं.

मी काय केलं सांगते. आमच्या पडवीत खुंटीला घोंगडं आणि इरलं टांगलेलं असायचं. एका संध्याकाळी मी त्यांच्या खुर्चीत, त्यांच्या उंचीला डोकं आणून बसले आणि बघितलं, तर खरंच तिथं कोण तरी माणूस वाकून उभा असल्यासारखं! घोंगडं आत कपाटात ठेवलं. एक "माणूस" कमी झाला. खिडकीबाहेरच्या शेवग्याची सावली भिंतीवर हलायची तिथं जाड पडदा लावला, अजून एक कमी झाला. राहिली ती पोरं. ती गेली नाहीत कधी. मी "कोण नाही तिथं" म्हणायची सोडलं. "जेवलीत ती, घरी गेलीत" म्हणते, हे शांत होतात. खोटं बोलते का मी? आधी फार वाटायचं. आता नाही वाटत.

अचानक एका दिवसात दिसणं-बोलणं बिघडलं तर मात्र आजार वाढला म्हणून बसू नका, लगेच डॉक्टरकडं न्या, लघवीची तपासणीही करून घ्या, निपाणीच्या ताईंनी म्हटलंय तेच.

---

निपाणीची_सून

काकू, डोळ्यात पाणी आलं वाचून.

दादा, आरशाचं राहिलं होतं. बऱ्याच ठिकाणी सांगतात आरसे झाका. मी झाकला नाही. मामंजी आरशातल्या म्हाताऱ्याशी रोज सकाळी तंबाखूच्या भावाचं बोलायचे आणि खूश असायचे, तो त्यांचा एकुलता एक सोबती राहिला होता, तो कशाला काढून घेऊ? तुमच्या आई त्या बाईला चहा विचारतात म्हणजे त्यांना भीती वाटत नाही. राहू दे. भ्यायला लागल्या, किंवा न्हाणीत कोणी बघतंय म्हणून कपडे काढेनात, तर मात्र त्याच दिवशी चादर टाका.

---

खानापूरची_काकू

हे मला पटलं नाही ताई. आमच्याकडं सुरुवातीला असंच हसून बोलणं होतं आणि एका रात्री त्यांनी आरशावर तांब्या फेकून मारला, काचा पायात गेल्या. रात्रीपुरता तरी झाका असं मी सांगेन.

---

निपाणीची_सून

रात्रीचं बरोबर आहे काकू. दिवसा उघडा, दिवेलागणीला झाकायचा.

---

शहापूरचा_थोरला

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, माफ करा. बारा दिवस झाले, काय काय केलं ते लिहितो.

चष्मेवाल्या दादांचं वाचून त्याच रात्री आईचा चष्मा काढून बघितला. तो आईचा नव्हताच. आप्पांचा होता. आप्पा जाऊन तीन वर्षं झाली, त्यांचा चष्मा देवघराच्या खणात ठेवलेला, तसलीच काळी फ्रेम, दोन भागांची काच. आईचा नवा चष्मा तिच्या ट्रंकेत साडीत गुंडाळलेला सापडला. कधीपासून घालत होती कुणालाच सांगता येईना. डॉक्टरकडं नेताना बायकोनं तिला नवा घातलेला असणार, म्हणून तिथं नंबर बरोबर आला. मी तो आप्पांचा चष्मा हातात धरून बराच वेळ बसलो. आईला तो काढून घेतल्याचं वाईट वाटू नये म्हणून त्याच्या काचा काढून नुसती फ्रेम तिच्या उशाशी ठेवलीय, हातात घेते कधी कधी.

कडाप्प्याच्या पट्टीवर फरशीच्या रंगाचं मॅट विनाइल चिकटवलं, दोनशे रुपयांचं काम. सकाळी आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. आई आली आणि न थांबता सरळ आत गेली, स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणाली, "काय करूलालीस गं?" एवढंच. बायको पोळपाटावर डोकं टेकून रडली.

जेवणाला आधी चार दिवस केळीची पानं आणली, मग गडद हिरवी थाळी मिळाली. भात संपवते आता. सगळ्या दिवशी नाही, पण बऱ्याच दिवशी.

खुर्चीचं अजून जमलेलं नाही. गडद निळी उशी घातली खुर्चीत, तरी अंदाज चुकतो. सध्या मी तिचा हात धरून आधी खुर्चीच्या हातावर ठेवतो, लाकूड बोटांना लागलं की मग बसते. बोटांचं तिचं अजून सगळं शाबूत आहे. परवा बायकोच्या साडीचा पदर चिमटीत धरून चोळून म्हणाली, "हे मागावरचं न्हवं." बरोबर होतं, पॉवरलूमचीच होती ती.

धाकटा दिवाळीत येतोय. त्याला इथली ही सगळी चर्चा पाठवली होती, दोन दिवस काही बोलला नाही, मग फोन करून विचारलं की आईच्या खोलीत रात्रीचे दिवे किती लागतील, मी पुण्याहून आणतो.

मेंदूच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या गुरुवारी आहे, हे सगळं लिहून नेणार आहे. काकू, लेवी बॉडीचंही विचारतो. आईच्या नव्या चष्म्याच्या दांडीला तांबडं सूत गुंडाळलंय, बाजारातला दोरा नाही, तिच्याच जुन्या खोक्यातलं, गाठ तिनंच मारली.